तारीख आणि मुदत

४ लाख ६० हजारांचा तो चेक माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. २०१७ चा मार्च, हळदीचा हंगाम जोरात. सांगलीच्या मार्केट यार्डातले एक व्यापारी आमच्या वकिली ऑफिसात आले तेव्हा चेक परत येऊन २२ दिवस झाले होते. बँकेचा मेमो त्यांनी गल्ल्याशेजारच्या ड्रॉवरमध्ये पावतीपुस्तकांखाली ठेवला होता. समोरची पार्टी रोज "दोन दिवसांत आरटीजीएस करतो" म्हणायची, आणि व्यवहार जुना, म्हणून हे थांबले. मी वर्षभराची ज्युनियर, महिना ३,००० रुपये. दुसऱ्या दिवशी नोटीस टाईप केली आणि वकीलसाहेबांच्या टेबलावर सहीला ठेवली. साहेब हायकोर्टाच्या कामासाठी मुंबईला गेलेले. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. तोवर आमच्या भागातल्या वकिलाला हायकोर्ट म्हणजे मुंबईचीच गाडी. सहा दिवसांनी, शुक्रवारी रात्री सही झाली. शनिवारी बघितलं तर समोरच्या फर्मच्या भागीदारांची नावंच नोटिशीत नव्हती. ती मागवून, घालून, नोटीस पोस्टात पडली सोमवारी.

शनिवार हा तिसावा दिवस होता आणि मला ते माहीत नव्हतं.

चेक न वटण्याच्या फौजदारी गुन्ह्याचं कलम म्हणजे १३८. त्याची गणितं कडक आहेत. चेक वटला नाही हे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस मिळाली की समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस. ते संपले की एका महिन्यात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर योग्य कारण दाखवून कोर्टाकडून माफी मिळू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सवलत नाही. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असती तर तो पुन्हा बँकेत टाकून नव्यानं सुरुवात करता आली असती. पण चेक टाकायलाच त्यांनी समोरच्याच्या विनंतीवरून दीड महिना काढला होता, आणि आमची चूक आमच्या लक्षात आली ती फिर्याद तयार करताना. तोवर तेही तीन महिने संपलेले. उरला दिवाणी दावा, कोर्ट फी भरून.

त्या महिन्यात आमचे कारकूनकाका रजेवर होते. मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ते परत आले, रोजनिशी उघडली, फाईल बघितली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, तारीख गेली तर पुढची मिळती. मुदत गेली तर काय मिळत नाही."

मी एलएल.बी. झालेली, कलमं पाठ असलेली. आणि हे वाक्य मला बारावी शिकलेल्या माणसाकडून पहिल्यांदा नीट कळलं. कोर्टात सगळ्यांचं लक्ष तारखेवर असतं. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामांच्या यादीत, नंबर कितवा, पुकारा कधी, पुढची तारीख काय पडली. पक्षकारही फोन करून तारीखच विचारतो. मुदत कुणी विचारत नाही, कारण ती कुठल्या बोर्डावर लागत नाही.

त्या रात्री एका कोऱ्या कागदावर मी ते ३२ दिवस मांडले. २२ दिवस ड्रॉवरमध्ये. १ दिवस माझ्याकडे. ६ दिवस सहीसाठी टेबलावर. ३ दिवस नावांसाठी आणि सुट्टीत. प्रत्यक्ष काम किती, तर दीड तास. कुणी आळशी नव्हतं, कुणी बेफिकीर नव्हतं. कागद फक्त थांबला होता, आणि तो कुठे थांबलाय हे त्या वेळी एकाही माणसाला माहीत नव्हतं. ज्याला माहीत असायचं तो डोळ्याला हिरवी पट्टी लावून मिरजेत झोपला होता.

आज मी जे काम करते त्याला 'लीगल ऑपरेशन्स' म्हणतात. त्यातला एक भाग 'लीगल प्रोजेक्ट मॅनेजमेंट'. विश्रामबागेत आमच्या शेजारच्या काकू अजून विचारतात, "म्हणजे तू वकील आहेस का नाहीस?" त्यांना मी सांगते की कंपनीची कायद्याची कामं वेळेत, ठरलेल्या खर्चात आणि कुणाच्या एकाच्या आठवणीवर न विसंबता पार पडावीत, ही माझी जबाबदारी. करार, दावे, नोटिसा, बाहेरच्या वकिलांची बिलं, मसुद्यांचे साचे, कुणाच्या सहीचे अधिकार कुठवर, कागद कुठे ठेवायचे आणि किती वर्षं ठेवायचे, हे सगळं त्यात आलं. युक्तिवाद वकील करतात. तो करायला त्यांच्या हातात वेळेवर काय पोचलं पाहिजे ते मी बघते.

त्यांच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर मात्र घरात रडू आणणारं होतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ सांगतो की पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला तेवढ्या काळात वकिली करता येत नाही. नोकरी धरली की बार कौन्सिलला तसं कळवायचं आणि वकिली थांबवायची. २०१८ मध्ये कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात १८,००० रुपयांवर नोकरी लागली तेव्हा मी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनद स्थगित करण्याचा अर्ज केला. बाबांनी माझा काळा कोट कपाटात टांगला तो समोरच, दार उघडलं की दिसेल असा. ते काही बोलले नाहीत. मला दोन वर्षं तरी ते कपाट उघडताना जड जायचं. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते, कारण नोकरीच्या जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं. सनद कायमची जात नाही, नोकरी सोडली की पुन्हा सुरू करता येते. पण दोन्ही एकदम नाही.

कारखान्यात पहिल्या आठवड्यात खरेदी विभागाचे साहेब म्हणाले, "लीगलकडं करार गेला की महिना गेला." मला ते लागलं. मी मागच्या वर्षाचे ४० करार काढले आणि त्या रात्रीसारखेच दिवस मांडले. मेल कधी आला, कुणी कधी उत्तर दिलं, सही कधी, मुद्रांक कधी. सरासरी १९ दिवस निघाले. त्यात आमच्या विभागाचं वाचन आणि दुरुस्त्या मिळून तीन-साडेतीन तास. उरलेला सगळा काळ कागद वाट बघत होता. मेलमध्ये नुसतं "तातडीचं, लवकर करा" असायचं; माल काय, रक्कम किती, पैसे किती दिवसांत, मुद्रांकाचा खर्च कुणाचा, यातलं काही नसायचं. आम्ही विचारायचो, ते पुरवठादाराला विचारायचे, तो दोन दिवसांनी सांगायचा. शेवटी सही करणारे संचालक दौऱ्यावर, आणि दुसऱ्या कुणाला अधिकारच नाही.

मी सात प्रश्नांचा एक फॉर्म केला. खरेदीचे साहेब दुखावले. "मॅडम, आता काम सांगायला पण फॉर्म भरायचा व्हय?" त्यांचं चुकलं नव्हतं. मी फॉर्म माझ्या सोयीनं, वकिली इंग्रजीत केला होता. मग दोन दिवस त्यांच्या केबिनमध्ये खुर्ची टाकून बसले. पुरवठादारांशी त्यांचं बोलणं कसं होतं ते ऐकलं. सगळं व्हॉट्सॲपवर आणि मराठीत. तेव्हा तेच सात प्रश्न मराठीत लिहिले, मोबाईलवर भरता येतील असे. ५ लाखांच्या आतल्या नेहमीच्या खरेदीला एक ठरलेला मसुदा. त्यात फेरफार नसेल तर आमच्याकडे यायचीच गरज नाही. आणि सहीला दुसरा अधिकारी, संचालक मंडळाचा ठराव करून. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा १९ चे ६ दिवस झाले होते. मसुदा वाचायला मला पूर्वीइतकाच वेळ लागत होता. मी एका कागदावरही जास्त वेगानं काम केलं नव्हतं.

ऑगस्ट २०१९ आला. सांगलीकरांना त्याचं वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हरभट रोडवर आमच्या जुन्या वकीलसाहेबांचं ऑफिस तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर मी रजा टाकून तिथे गेले. फायली फुगून कपाटात इतक्या घट्ट बसल्या होत्या की पहारीनं कपाट फोडावं लागलं. ओळखीच्या एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर दोऱ्या बांधून आम्ही वकालतनामे वाळत घातले. चिखलाचा वास बोटांना कितीतरी दिवस होता.

काकांची रोजनिशी सापडली ती लगदा होण्याच्या बेतात. पानं एकेक करून सोडवली. निळ्या शाईनं लिहिलेलं सगळं पसरून गेलेलं. नावं, नंबर, तारखा, काही वाचता येईना. तारखांचं काम भागलं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावानं शोध घेतला की चालू प्रकरणांची यादी मिळते, प्रत्येकाचा १६ अक्षरी सीएनआर नंबर आणि पुढची तारीख. दोन दिवसांत बोर्ड पुन्हा उभा राहिला. पण अजून कोर्टात न गेलेल्या कामांचं काय? दिलेल्या नोटिसा, अपिलात जायचे निकाल, तीन वर्षांच्या आत लावायचे वसुलीचे दावे. त्यांची नोंद कुठल्याच सरकारी संगणकावर नसते. तारीख कोर्ट सांगतं, मुदत कुणी सांगत नाही.

आणि तेव्हा त्या पसरलेल्या पानांवर मला लाल ठिपके दिसले. काही ओळींच्या डाव्या बाजूला लाल पेन्सिलीचा ठिपका, शेजारी बारीक आकडा. शाई गेली होती, पेन्सिल राहिली होती. काकांना विचारलं. ते म्हणाले, "ते मुदतीचं. किती दिस राहिले त्याचा आकडा. माझ्यापुरतं करायचो." कित्येक वर्षं हा माणूस ऑफिसातली प्रत्येक मुदत लाल पेन्सिलीनं राखत आला होता आणि आम्हा कुणाला त्याची पद्धत ठाऊक नव्हती. विचारलीच नव्हती कुणी. ठिपके आणि काकांची आठवण यावरून आम्ही २१ कामं परत जुळवली.

माझ्या कामाची खरी सुरुवात मी त्या गच्चीपासून मोजते. कारखान्यात परतल्यावर मुदतींची एक नोंदवही एक्सेलमध्ये केली. घटना काय, कधी घडली, कोणत्या कायद्यानं किती दिवस, आणि त्यापुढे दोन रकाने, 'इशारा' आणि 'धोका'. नावं आयर्विन पुलावरून घेतली. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. सांगलीत कुणी ४५ व्हायची वाट बघत नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे कळलं की लोक सामान वर चढवायला लागतात. कायद्यानं दिलेला शेवटचा दिवस म्हणजे धोका. त्याच्या आधीचा, आम्ही ठरवलेला दिवस म्हणजे इशारा. १३८ च्या नोटिशीला धोका तिसाव्या दिवशी, इशारा दहाव्या. शेवटचा रकाना 'आत्ता कुणाकडे'. त्यात विभागाचं नाव चालत नाही, माणसाचं लागतं. 'लेखा विभाग' लिहिलं की कागद कुणाकडेच नसतो.

सगळ्या मुदती सारख्या ताणत नाहीत, हे या कामात अंगवळणी पडावं लागतं. साध्या दिवाणी दाव्यात कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, वाढवून ९०. त्यानंतरही कोर्ट कधी कधी ऐकतं. पण तोच वाद व्यापारी न्यायालयाच्या कायद्याखाली असेल तर १२० दिवसांनंतर कैफियत द्यायचा हक्कच जातो. २०१८ च्या दुरुस्तीनं त्या कायद्याची किमान रक्कम ३ लाखांवर आणली, म्हणजे मार्केट यार्डातले कितीतरी वाद त्यात बसतात. लवादाचा निवाडा रद्द करून घ्यायचा तर ३ महिने, वर कारण दाखवून फार तर ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. नोंदवहीत मी अशा मुदतींना वेगळा रंग दिला आहे. रंग लालच, काकांच्या पेन्सिलीचा.

२०२१ पासून मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी सांगलीतूनच काम करते, महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन येते. तिथे करारांसाठी महागडं सॉफ्टवेअर आहे. चांगलं आहे. पण पहिल्या वर्षी ते जवळजवळ कुणी वापरत नव्हतं, कारण आधी कागदाचा रस्ता न बघता ते बसवलं होतं. सॉफ्टवेअर चालू करणाऱ्या टीमला मी तेच कारखान्यातलं सांगितलं: आधी ४० करारांचे दिवस मांडा.

शिक्षणाचं लोक फार विचारतात. मी पीएमआयची, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची, कॅपम ही सुरुवातीची परीक्षा दिली. तिला आधीचा अनुभव लागत नाही, २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. त्यांच्याच पीएमपी या वरच्या परीक्षेला मात्र प्रकल्प सांभाळल्याची काही वर्षं दाखवावी लागतात. त्यातून मला सर्वांत उपयोगी पडला तो क्रिटिकल पाथ. १९५७ च्या सुमाराला अमेरिकेत ड्यूपाँटच्या कारखान्यांसाठी तयार झालेली ही पद्धत. कुठलं काम लांबलं तर सगळंच लांबतं आणि कुठलं लांबलं तरी बिघडत नाही, हे ती वेगळं करून दाखवते. लवादात कैफियती पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा व्हायचा असतो. तिथे साक्षीदाराचं शपथपत्र त्या मार्गावर आहे की नाही हे कळलं की धावपळ निम्मी कमी होते. मात्र बांधकामाची पद्धत कोर्टाला जशीच्या तशी लागू होत नाही. सिमेंट वेळेवर आलं तर स्लॅब पडतो. कोर्टात तुम्ही सगळं वेळेवर दिलं तरी पुढचं पाऊल दुसऱ्याच्या हातात असतं. म्हणून मी वेळापत्रक लावते ते आमच्या हातातल्या गोष्टींचं. 'क्लॉक' म्हणून लीगल ऑपरेशन्सवाल्यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, २०१६ पासूनची. तिनं या कामाचे १२ विभाग मांडले आहेत, ते एकदा वाचावेत; आपल्याला काय येत नाही ते कळतं. मला बाहेरच्या वकिलांच्या बिलांचं अंदाजपत्रक येत नव्हतं, ते त्यावरूनच शिकायला घेतलं.

कायद्याची पदवी वाया जाते का, असं सातारच्या एका शेवटच्या वर्षाच्या मुलीनं परवा विचारलं. तिला मी २०२४ चं उदाहरण सांगितलं. १ जुलैला तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, पुरावा कायद्यातलं ६५-ब चं प्रमाणपत्र जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. त्याचा नमुना दोन भागांचा, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. आमच्या साच्यांत जुनं प्रमाणपत्र ११ ठिकाणी होतं. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेनं घेतली, म्हणजे करारांचे सगळे साचे पुन्हा. पुरेसा मुद्रांक नसलेला दस्त कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आधी कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरावा लागतो. हे वाचून काय काय बदललं पाहिजे याची यादी करायला कायदाच लागतो. नुसतं वेळापत्रक येणाऱ्याला हे दिसलं नसतं.

तिला मी आणखी एक सांगितलं, आणि ते सगळ्यांनाच सांगेन. नोकरी शोधण्याआधी सहा महिने एखाद्या चांगल्या वकिलाच्या कारकुनाबरोबर फिर. फायलिंगला काय अडतं, नक्कल विभागात अर्ज कसा पुढे सरकतो, बेलीफ समन्स घेऊन गेला आणि दाराला कुलूप असलं तर पुढे काय, हे बघ. सातारा असो, सांगली असो, ही माणसं तुला मिळतील. त्यांच्याकडे खुर्ची नसते, ऑफिसच्या पाटीवर नाव नसतं, आणि ते निवृत्त झाले की त्यांची पद्धत त्यांच्याबरोबर जाते. वही घेऊन जा.

आमचे काका आता घरीच असतात. परवा संध्याकाळी त्यांना फोन केला होता, डोळ्यांची चौकशी करायला. बोलता बोलता म्हणाले, "काय, काम कसं चाललंय?" म्हटलं, "एक कागद चार दिवस अडकलाय काका, इशारा गाठायला आला."

"कुणाकडं?"

"लेखा विभागात."

"विभाग नको. माणूस कोण?"

मी सांगितलं.

"मग मला काय फोन करतीस? त्याला लाव की."

फोन ठेवला आणि लावला.